जन्मदाखल्यावर ‘युनियन वर्कहाउस’ लिहिलं आहे. मागचा माग कसा काढायचा?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या सासूबाई मूळच्या इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरच्या. १९६०च्या दशकात नॉटिंगहॅमच्या सिटी हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या, तिथेच एका मराठी डॉक्टरांशी लग्न झालं आणि पुढे त्या कायमच्या नाशिकला आल्या. आता वय ८६. ताईंनी सासूबाईंच्या पणजीचा १८५८ सालचा जन्मदाखला मागवला, तर जन्मस्थळ ‘युनियन वर्कहाउस, साउथवेल’ आणि वडिलांच्या नावाचा रकाना कोरा. ताईंचे प्रश्न चार: वर्कहाउस म्हणजे नक्की काय, त्या बाळाची आई तिथे कशी पोचली, तिच्या मागची माणसं सापडतील का, आणि हे सासूबाईंना सांगावं का.

ताई, कोरा रकाना पाहून तुम्ही लिहिलंत, ‘इथेच वाट संपली असं वाटतं.’ माझा अनुभव उलटा आहे. मी बावीस वर्षं नॉटिंगहॅममध्ये राहते आणि इथल्या दफ्तरांतून लोकांचे वाडवडील शोधून देणं हेच माझं काम आहे. जन्मभर दुसऱ्याच्या शेतावर राबला, कुणापुढे हात पसरला नाही, अशा मजुराबद्दल बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या तीन नोंदी आणि खानेसुमारीच्या दोन-चार ओळी मिळतात. वर्कहाउसच्या दारात गेलेल्या माणसाचे मात्र कधीकधी वीस-वीस कागद निघतात. कारण त्याच्यावर कुणाचा तरी पैसा खर्च होत होता, आणि त्या पैशाचा हिशेब द्यावा लागत होता.

शोध संपेपर्यंत हीच एक गोष्ट डोक्यात ठेवा. नोंद समोर आली की ‘ही बाई कोण होती’ हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं, ‘हिचा खर्च कुणाच्या नावावर पडला?’ त्या उत्तरातून गाव मिळतं, आणि गावातून घराणं.

तुम्ही नाशिकच्या, म्हणून तुम्हाला हा फरक लगेच कळेल. आपल्याकडे क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेली माणसं स्वतः आपलं गाव, आजोबा-पणजोबा, भावंडं सांगत आणि हौसेने सही करत. तिथे घराण्याने स्वतःला लिहून ठेवलंय. वर्कहाउसच्या वहीत माणसाला दुसऱ्याने लिहिलंय, आणि तेही खर्चाची बाब म्हणून. त्यामुळे त्या वहीतले शब्द कोरडे आणि पुष्कळदा कठोर आहेत. ते वाचताना त्रास होतो, मला अजूनही होतो.

आता वर्कहाउस म्हणजे काय ते. इंग्लंडमध्ये १६०१च्या कायद्याने आपापल्या निराधारांना पोसण्याची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर टाकली. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव. आपल्या मौजासारखं समजा. घराजमिनीवर कर बसवायचा आणि त्यातून म्हाताऱ्यांना, विधवांना, आजाऱ्यांना आठवड्याला काही पेन्स, पाव, सरपण द्यायचं. मग साहजिकच भांडण सुरू झालं की अमुक माणूस आमचा की तुमचा. ते मिटवायला १६६२ साली ‘सेटलमेंट’चा कायदा आला. प्रत्येकाला कुठल्या तरी एका पॅरिशचा हक्क असणार, आणि दुसरीकडे तो निराधार झाला तर त्याला हक्काच्या गावी परत पाठवता येणार. हा शब्द विसरू नका, पुढे आपलं सगळं काम त्यावरच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा कर डोईजड झाला. १८३०च्या सुमाराला देशभरात वर्षाला साधारण ७० लाख पौंड गरिबांवर खर्च होत होते आणि कर भरणारे चिडले होते. इथेच साउथवेलचं नाव इतिहासात येतं. तुमच्या सासूबाईंची पणजी जिथे जन्मली ती जागा साधीसुधी नाही. अख्ख्या देशातल्या वर्कहाउसांनी जिचा कित्ता गिरवला ती ही इमारत. जॉन थॉमस बेचर नावाच्या पाद्र्याने आजूबाजूच्या ४९ पॅरिशांना एकत्र आणून १८२४ साली ती बांधून घेतली, १५८ माणसांसाठी. त्याचं म्हणणं असं की मदत घरपोच दिली की लोक ती गृहीत धरतात. मदत हवी तर आत येऊन राहा, आणि आतलं जगणं असं असू दे की खरोखर दुसरा इलाज नसेल तोच येईल. साउथवेलमध्ये गरिबांच्या कराचा कारभार १८२१ पासून पाहिलेला जॉर्ज निकल्स पुढे १८३४च्या नव्या कायद्याखाली नेमलेल्या तीन कमिशनरांपैकी एक झाला. त्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या पॅरिशांचे ‘युनियन’ नावाचे गट पाडले, प्रत्येक युनियनवर निवडून आलेलं गार्डियन मंडळ बसवलं. बघता बघता अशी सुमारे ६०० युनियनं झाली. दाखल्यावरचा ‘युनियन’ हा शब्द तिथून आला. लोक नुसतं ‘द युनियन’ म्हणत, आणि ऐकणाऱ्याला काय ते कळत असे.

साउथवेलची इमारत आजही उभी आहे. नॅशनल ट्रस्टने ती १९९७ साली घेतली आणि २००२ पासून ती लोकांना पाहायला खुली आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेरून ती मला एखाद्या श्रीमंत शेतकऱ्याच्या वाड्यासारखी वाटली: तीन मजली, लाल विटांची, सरळ रेषेत खिडक्या. आत गेल्यावर कळतं. मधल्या भागात व्यवस्थापक, म्हणजे ‘मास्टर’, आणि त्याची बायको ‘मेट्रन’ यांचं बिऱ्हाड, आणि तिथल्या खिडक्यांमधून चहूबाजूंची अंगणं दिसतात. बायकांची बाजू निराळी, पुरुषांची निराळी, मुलांची निराळी. त्यातही म्हातारे आणि दुबळे ‘निर्दोष’, तर धडधाकट असून आलेले ‘आळशी आणि उधळे’, म्हणून त्यांची अंगणं वेगळी आणि जिनेही वेगळे. एकाच छपराखाली नवरा-बायको राहत आणि एकमेकांना दिसत नसत. बायकांच्या अंगणात उभं राहिलं की उंच भिंत आणि वर आभाळाचा चौकोन, एवढंच दिसतं. पलीकडच्या अंगणातला आवाज मात्र ऐकू येत असणार. आपलं मूल तिकडे रडतंय हे आईला ऐकू येत असणार, हा विचार त्या दिवशी मनात आला आणि अजून गेलेला नाही.

काम म्हणजे बायकांना कपडे धुणं, फरशा घासणं, स्वयंपाकघर. पुरुषांना खडी फोडणं, बागकाम. डांबर लावलेले जुने दोर बोटांनी उकलून त्यांचे तंतू सुटे करायचे, हेही काम असे; ते तंतू जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला विकत. जेवणात पाव, पातळ लापशी, बटाटे, थोडं चीज, आठवड्यातले ठरावीक दिवस मांस, सगळं तोलून. एक गैरसमज मात्र काढून टाका. वर्कहाउस हा तुरुंग नव्हता. थोड्या तासांची आगाऊ सूचना देऊन बाहेर पडता येत असे, फक्त तिथले कपडे अंगावर घेऊन गेलं तर तो चोरीचा गुन्हा. पुष्कळ माणसं वर्षातून चार-चार वेळा आत-बाहेर करत. हिवाळ्यात आत, सुगीला बाहेर.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी साध्या शब्दांत देते. १८५८ साली वर्कहाउसमध्ये बाळंत झालेली अविवाहित मुलगी बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरची किंवा शेतावरची मोलकरीण असे. दिवस गेलेत हे लपेनासं झालं की नोकरी जाई, आणि नोकरीबरोबर राहायची जागाही, कारण मोलकरीण मालकाच्याच घरी राहत असे. आईबापांच्या घरी जागा नसेल किंवा ते हयात नसतील, तर बाळंतपणाला सुईण, डॉक्टर आणि छप्पर मिळेल अशी जागा एकच. पुष्कळ जणी महिनाभर आधी आल्या आणि बाळंत होऊन दोन-तीन महिन्यांत बाहेर पडल्या. जन्म वर्कहाउसमध्ये झाला म्हणजे आयुष्य वर्कहाउसमध्ये गेलं, असं धरून चालू नका.

आता शोध. सर्वांत मोलाची वही म्हणजे दाखल होणाऱ्यांची आणि सोडलेल्यांची नोंदवही. तिचं पान लांबच लांब असतं, दोन पानांवर पसरलेलं. तारीख, नाव, वय, धंदा, धर्म, का आली, कपड्यांची अवस्था, आणि ‘कुठल्या पॅरिशच्या खर्चावर’. बाहेर पडल्याच्या तारखेला कुणी काय शेरा मारला तोही. लोक नाव आणि वय उतरवून घेतात आणि पॅरिशचा रकाना सोडून देतात. सोन्याची वाटी सोडून झाकण नेल्यासारखं आहे ते.

का, ते सांगते. १८६५ पर्यंत युनियन जरी एक असलं तरी प्रत्येक पॅरिशला स्वतःच्या माणसांचा खर्च स्वतःच द्यावा लागे. त्यामुळे ही बाई कुणाच्या माथी, हे ठरवल्याशिवाय कारकुनाला वही पुरी करता येत नसे. आणि अविवाहित मुलीचा हक्क सहसा कुठून येई? बापाकडून. म्हणजे समजा, ती जन्मली एका गावात, नोकरीला होती दुसऱ्या गावात, आणि खर्च पडला तिसऱ्याच पॅरिशवर. तर ते तिसरं गाव तिच्या बापाच्या सेटलमेंटचं असण्याची दाट शक्यता आहे. खानेसुमारीत ते गाव तुम्हाला कधीच दिसणार नाही. त्याच गावच्या बाप्तिस्म्याच्या वहीत तिच्या बापाचा, आज्याचा जन्म सापडतो. १८६५ नंतर खर्च सगळ्या युनियनचा एकत्र झाला आणि हा धागा बारीक झाला. तुमचं बाळ १८५८चं, म्हणजे तुम्ही चांगल्या काळात आहात.

सेटलमेंट मिळण्याचे इतरही मार्ग होते: कुठे उमेदवारी, म्हणजे मालकाकडे राहून धंदा शिकणं, केलेली असणं, वर्षाला दहा पौंड भाड्याचं घर किंवा जमीन असणं. १८३४च्या आधी पूर्ण वर्षभर एका मालकाकडे नोकरी केली तरी हक्क मिळे, म्हणून कित्येक मालक एक्कावन्न आठवड्यांचाच करार करत. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचा हक्क लागू होई. नवरा मेला की तिने कधी पाहिलेलंही नसेल अशा त्याच्या गावी तिला मुलांसकट पाठवत. वाद झाला की दोन मानद न्यायाधीशांपुढे त्या माणसाची जबानी घेत: कुठे जन्मलो, कितव्या वर्षी कुणाकडे कामाला लागलो, किती पगार, लग्न कधी, मुलं किती. लिहिता न येणाऱ्या माणसाचं आत्मचरित्रच ते, एका पानात. अशी जबानी किंवा ‘रिमूव्हल’चा, म्हणजे हक्काच्या गावी परत पाठवण्याचा, हुकूम हाताला लागला तर दहा वर्षांचं काम एका दुपारी होतं. तुमच्या बाळाच्या आजोबांच्या काळातल्या अशा जबान्या त्या त्या पॅरिशच्या पेटीत असतात, म्हणून आधी गाव शोधायचं.

दाखल-वह्या सगळीकडे टिकलेल्या नाहीत. पुष्कळ रद्दीत गेल्या. म्हणून दुसऱ्या वाटाही सांगते. गार्डियन मंडळ नेमाने बसे, त्याच्या सभांची इतिवृत्तं असतात. त्यांत सामान्य माणसाचं नाव कमी, पण वाद, शिक्षा, परदेशी पाठवलेली मुलं, पोटगी चुकवणारे बाप हे सगळं येतं. सभांचे वृत्तांत स्थानिक वर्तमानपत्रांतही छापून येत. १८६९ पासून धर्माची स्वतंत्र वही ठेवू लागले. दिसायला धर्माची, पण तिच्यात पुष्कळदा जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता असतो. तुमच्या बाळाच्या जन्माला ती उशिरा आहे, पण तिची आई पुन्हा कधी आत गेली असेल तर उपयोगी पडेल. १८५१च्या कायद्याने आणखी एक वही आली: वर्कहाउसमधून नोकरीला किंवा उमेदवारीला दिलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांची. ते पोर कुणाच्या घरी दिलं, आणि वर्षातून दोनदा कुणीतरी जाऊन ते बरं आहे का हे पाहिलं का, याची नोंद त्यात करायची होती. ही पोरगी आईबरोबर बाहेर पडली नसेल, तर बारा-तेरा वर्षांची झाल्यावर तिचं नाव तिथे असू शकतं.

लंडनच्या क्यू भागात राष्ट्रीय दफ्तर आहे, नॅशनल अर्काइव्ह्ज. युनियनांनी लंडनला पाठवलेली पत्रं आणि अहवाल तिथे ‘एमएच १२’ या मालिकेत आहेत, १६ हजारांहून जास्त जाड बाडं. बहुतेकांना नावांची सूची नाही. साउथवेलच्या बाबतीत मात्र तुमचं नशीब जोरावर आहे: स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं बसून ज्या मोजक्या युनियनांची पत्रं वाचून त्यांतली नावं, गावं सूचीत उतरवली, त्यांत साउथवेल आहे, आणि त्या बाडांच्या प्रतिमा घरबसल्या उतरवून घेता येतात. नाशिकमध्ये बसून रात्री दहा वाजता तुम्ही साउथवेलच्या मास्टरचं अक्षर वाचू शकाल. आडनाव टाकून शोधाच, पण पॅरिशचं नाव टाकूनही शोधा.

खानेसुमारी तुम्ही पाहिली असेलच, तरी एक सांगते. ३० मार्च १८५१ची नोंद आईसाठी, म्हणजे बाळाच्या जन्माआधी ती कुठे होती; आणि ७ एप्रिल १८६१ची दोघींसाठी. १८५१मध्ये ती आईबापांच्या घरी लहान मुलगी म्हणून सापडली तर एका फटक्यात एक पिढी वर गेलात. वर्कहाउसची यादी गावाच्या नोंदीच्या शेवटी असते, आधी मास्टर-मेट्रन आणि नोकर, मग आतली माणसं. काही ठिकाणी आतल्या माणसांची पूर्ण नावं न लिहिता नुसती आद्याक्षरं लिहिली आहेत. संगणकाच्या शोधात ती येणारच नाहीत. नाव सापडत नसेल तर इमारतीची सगळी पानं एकेक करून डोळ्यांखालून घाला, वय आणि जन्मगाव जुळवा.

आता तो कोरा रकाना. लोकांना वाटतं, कोरा म्हणजे बाप कोण हे आईलाच माहीत नव्हतं. तसं मुळीच नाही. लग्नाबाहेरच्या मुलाच्या बापाचं नाव त्या काळी निबंधकाने आईच्या सांगण्यावरून लिहायचंच नव्हतं. पुढे १८७५ पासून बाप स्वतः हजर राहून सही करील तरच नाव लागे. म्हणजे तो रकाना कायद्याने कोरा ठेवलाय, आईने नाही.

बापाचा माग लागतो तो भलत्याच ठिकाणी. पहिलं, बाळाचं मधलं नाव बघा. ते आडनावासारखं असेल, तर पुष्कळदा ते बापाचं आडनाव असतं. आईला दाखल्यावर सांगता येत नव्हतं ते तिने लेकीच्या नावात ठेवून दिलं. दुसरं, १८४४पासून आईला स्वतः न्यायाधीशांपुढे जाऊन बापाविरुद्ध पोटगी मागता येई, आठवड्याला जास्तीत जास्त अडीच शिलिंग. त्या न्यायालयाच्या वह्या टिकल्या असतील तर उत्तम, नाहीतर त्या महिन्यांतली स्थानिक वर्तमानपत्रं चाळा. असे खटले दोन-तीन ओळींत छापत. तिसरं, त्या लेकीच्या स्वतःच्या लग्नाची नोंद. तिथे वडिलांचं नाव विचारत. काही मुली रकाना कोरा सोडत, काही आजोबांचं किंवा सावत्र बापाचं नाव देत, काही खरं नाव देत. ते नाव लगेच खरं मानू नका, पण वाऱ्यावरही सोडू नका. चौथं, सासूबाई तयार असतील तर डीएनए चाचणी. तो अनामिक माणूस त्यांचा खापरपणजोबा. त्याचा सरासरी सोळावा हिस्सा त्यांच्यात आहे, तुमच्या नवऱ्यात त्याच्या निम्मा. त्यामुळे चाचणी सासूबाईंचीच हवी. त्याच्या दुसऱ्या मुलांचे वंशज कुठे ऑस्ट्रेलियात, कॅनडात चाचणी करून बसले असतील तर जुळणी निघते. मी अशी दोन घराणी जुळताना पाहिली आहेत.

एक चूक माझ्या हातून झाली ती सांगते, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. एका घराण्यासाठी मी वर्कहाउसमध्ये जन्मलेल्या मुलीचा माग काढत होते. नाव, वय, गाव जुळणारी एक बाई पुढच्या खानेसुमारीत मिळाली आणि मी दोन महिने तिच्यामागे गेले: लग्न, सात मुलं, सगळं. मग सहज मृत्यूची सूची पाहिली तर आमचं बाळ पाच महिन्यांचं असतानाच गेलं होतं. ती दुसरी बाई चुलत घराण्यातली होती. त्या कुटुंबाला ते सांगताना मला फार जड गेलं. तेव्हापासून वर्कहाउसमधल्या प्रत्येक जन्मानंतर मी आधी पुढच्या पाच वर्षांचे मृत्यू पाहते. तान्ही मुलं तिथे फार मरत. तुमच्या बाबतीत लेक जगली हे नक्की, कारण सासूबाई आहेत. पण दाखला त्याच लेकीचा आहे ना, हे तिच्या लग्नाच्या दाखल्याशी आणि पुढच्या प्रत्येक खानेसुमारीतल्या वय-जन्मगावाशी ताडून पाहा. त्याच नावाची दुसरी मुलगी शेजारच्या पॅरिशमध्ये असणं अगदी रोजचं आहे.

नाशिकहून काय काय होईल? जन्म-मृत्यूच्या सूची, फॅमिलीसर्च आणि फ्रीबीएमडी ही संकेतस्थळं, हे सगळं फुकट आहे. निबंधकांच्या मुख्य कार्यालयाच्या संकेतस्थळावर जन्मसूचीत आईचं माहेरचं आडनावही दिसतं, पण लग्नाबाहेरच्या जन्मांना ते खानं रिकामं असतं. ते रिकामं दिसलं म्हणून घाबरू नका, त्यावरूनच तर अशी भावंडं सापडतात. युनियनच्या वह्यांतलं जे उरलं आहे ते नॉटिंगहॅमशायर अर्काइव्ह्जमध्ये. तिथे आधी सूचीत ‘साउथवेल युनियन’ शोधून काय टिकलंय ते पाहा, मगच पैसे भरून शोध करवून घ्या. आणि वर्कहाउसेस डॉट ऑर्ग डॉट यूके या संकेतस्थळावर प्रत्येक युनियनचा इतिहास, नकाशे, दफ्तर कुठे आहे हे सगळं आहे. मी आजही नवीन काम हाती घेतलं की तिथून सुरुवात करते.

आणि सासूबाईंना सांगावं का? सांगावं, असं माझं मत आहे, आणि तुमच्या घरी तर सांगायला एक चांगलं दार आधीच उघडं आहे. त्या ज्या सिटी हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या ते पूर्वीचं बॅगथॉर्पचं वर्कहाउस, १९०३ साली सुरू झालेलं. गार्डियन मंडळं १ एप्रिल १९३०ला गेली, ५ जुलै १९४८ला राष्ट्रीय आरोग्यसेवा आली, आणि देशभरातल्या अशा इमारतींच्या दारावर रुग्णालयाची पाटी लागली. आपल्याकडून गेलेल्या कितीतरी डॉक्टरांनी पहिली नोकरी अशाच भिंतींच्या आत केली. पण पाटी बदलली तरी म्हातारी माणसं विसरली नव्हती. ‘मला तिथे नेऊ नका’ म्हणून रडणारे आजी-आजोबा त्या पिढीतल्या नर्सेसनी पाहिले आहेत. तुमच्या सासूबाईंनीही पाहिले असतील. त्यांना विचारा. त्या भीतीबद्दल त्या बोलू लागल्या की पणजीबद्दल सांगणं तितकं अवघड जाणार नाही.

फक्त नुसता दाखला हातात देऊ नका. ‘पॉपर’ म्हणजे निराधार, ‘बास्टर्ड’ म्हणजे लग्नाबाहेरचं मूल, हे तेव्हाचे कायद्याचे शब्द होते, वहीत ते सरसकट दिसतील. आधी तुम्ही वाचा, समजून घ्या, मग त्यांना मराठीत सांगा. १९०४ साली सरकारनेच ठरवलं की वर्कहाउसमध्ये जन्मलेल्या मुलांच्या दाखल्यावर ते नाव न घालता एखादा साधा पत्ता घालावा, पोराला जन्मभर तो डाग नको. १८५८च्या बाळाला ती सवलत नव्हती. आणि डीएनएची गोष्ट काढायच्या आधी त्यांची परवानगी हवी. ते रक्त त्यांचं, ती पणजी त्यांची.

एक काम आजच करा. दाखल्यावर ‘माहिती देणाऱ्याची सही’ असा रकाना आहे, तो नीट पाहा आणि मला कळवा. तिथे मास्टरचं नाव आहे की आईचं? आईचं नाव आणि मध्ये ‘एक्स, हिची खूण’ असं असेल, तर ती बाळंतपणातून उठून स्वतः निबंधकापुढे गेली होती. तुमच्याकडे आलेली प्रत नकललेली आहे, त्यातली फुली कारकुनाने काढलेली. मूळ वही स्थानिक निबंधकाकडे असते आणि काही कार्यालयं मूळ नोंदीची छायाप्रत देतात. मिळाली तर मागवा. पुढे तिचं लग्न झालं असेल तर चर्चच्या लग्नाच्या वहीतही तिची फुली असेल. त्या पानांच्या प्रतिमा पुष्कळ ठिकाणी मिळतात. दोन्ही शेजारी ठेवा, रेघेचा कल, दाब पाहा. सासूबाईंना दाखवायला मी तर पहिली तीच फुली निवडीन, तिच्या हातची.